‘वॉचमेन’वर प्रेक्षक असे दोन टोकांना का गेले?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: झॅक स्नायडरचा २००९ चा ‘वॉचमेन’ तुम्ही आत्ता कुठे पाहिलात आणि तुम्हाला आवडला. पण मूळ कॉमिक वाचलेला तुमचा एक मित्र म्हणतो की पुस्तकाची वाट लावली, आणि त्याच पुस्तकाचा दुसरा भक्त म्हणतो की एवढं इमानदार रूपांतर दुसरं नाही. जुनी परीक्षणं काढून बघितलीत तर तिथेही तीच तऱ्हा. शिवाय नववीतला मुलगा ‘मलाही बघायचाय’ म्हणून मागे लागलाय, त्याचं काय करावं?

मुलाचं शेवटी बघू. आधी भांडणाचं.

माझं काम स्टोरीबोर्ड काढण्याचं. जाहिराती, मालिका, हल्ली वेब सिरीज. शूटिंगआधी प्रत्येक शॉट कागदावर मांडून द्यायचा: कॅमेरा कुठे, माणूस कुठे, कट कुठे. त्यामुळे हा सिनेमा मी प्रेक्षक म्हणून कमी आणि पुस्तक मांडीवर घेऊन, रिमोटचं पॉजचं बटण दाबत जास्त पाहिलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुखवटे घातलेल्या माणसांची जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची चौकट सिनेमाने जिवापाड जपली, आणि त्यांच्या आजूबाजूची बिनमुखवट्याची माणसं गाळली. पुस्तकात ज्याचा जीव मुखवटेवाल्यांवर जडला त्याला पडद्यावर सगळं मिळालं. ज्याला रस्त्यावरची माणसं लक्षात राहिली होती, तो रिकाम्या हाताने घरी गेला. रक्त, नग्नता, रॉर्शाक नावाच्या मुखवटेवाल्यासाठी पडलेल्या टाळ्या, ‘फार लांबलाय’ ही तक्रार, हे सगळं इथूनच सुरू होतं.

पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी. लेखन अॅलन मूरचं, चित्रं डेव्ह गिबन्सची, रंग जॉन हिगिन्सचे. डीसी कॉमिक्सने १९८६-८७ मध्ये ते बारा अंकांत काढलं आणि नंतर एकत्र पुस्तक झालं. १९८८ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने १९२३ नंतरच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांच्या यादीत ते घातलं. चित्रकथेला असा मान मिळणं तेव्हा नवलाचं होतं. मूरला आधी चार्ल्टन या बंद पडलेल्या कंपनीची पात्रं वापरायची होती, ती डीसीने विकत घेतली होती. पण गोष्टीच्या शेवटी ती पात्रं पुन्हा वापरण्याच्या लायकीची उरणार नाहीत हे संपादकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी नवी पात्रं घडवायला सांगितलं. बरंच झालं म्हणायचं.

आपल्याकडे इंद्रजालमधला वेताळ वाचून मोठे झालेले लोक मुखवटेवाला म्हणजे न्याय करणारा, इथेच थांबतात. मूरचा प्रश्न तिथून पुढचा होता. असे लोक खरोखर असते तर आपलं, म्हणजे खाली रस्त्यावर उभं राहून वर बघणाऱ्यांचं, काय झालं असतं? म्हणून त्याच्या १९८५ च्या अमेरिकेत निक्सन अजून अध्यक्ष आहे, डॉक्टर मॅनहॅटन नावाच्या निळ्या महामानवाने व्हिएतनामचं युद्ध जिंकून दिलंय, आणि १९७७ च्या कायद्याने बाकीच्या मुखवटेवाल्यांवर बंदी आहे. त्यातल्या ‘कॉमेडियन’ नावाच्या एकाला कुणीतरी खिडकीतून खाली फेकतं आणि गोष्ट सुरू होते.

आता कारागिरीकडे येऊ. पुस्तकाचं पान बहुतेक ठिकाणी नऊ सारख्या चौकटींचं आहे, तीन ओळी, ओळीत तीन. पानांमागून पानं हाच ठेका. कुणी मेलं तरी तेवढीच चौकट, कुणी चहा प्यायला तरी तेवढीच. माझ्या धंद्यात याला महत्त्व आहे, कारण चौकट मोठी केली की तुम्ही वाचणाऱ्याला सांगता, इथे बघ, हे मोठं आहे. गिबन्स अकरा अंक क्वचितच तसं सांगतो. शिवाय दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं ते वाचणारा स्वतः भरतो. वार सुरू झालेला एका चौकटीत, वार झालेला पुढच्या चौकटीत. मधला वार तुमच्या डोक्यात पडतो, आणि किती वेळ पडत राहायचा हे तुम्ही ठरवता.

सिनेमात ही पट्टी नसते. मधलं सगळं कॅमेऱ्याला दाखवावं लागतं. एखादा दिग्दर्शक कॉमिक समोर ठेवून ‘बस, हेच काढ’ म्हणतो तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हेच विचारतो, की या दोन चित्रांच्या मधलं काय करायचं? स्नायडरचं उत्तर ठरलेलं आहे: स्लो मोशन. चौकटीतली पोझ आली की वेळ थबकतो, पोझ गेली की वेळ पळतो. त्याच्याच २००७ च्या ‘३००’ सिनेमात ते शोभून दिसलं, कारण ते पुस्तकच पोझचं होतं. ‘वॉचमेन’मध्ये ठोसा थबकला की ठोसा देखणा होतो, आणि मूरने तर तो देखणा वाटू नये म्हणूनच सगळा खटाटोप केला होता.

एक गल्लीतली मारामारी बघा. तिसऱ्या अंकात लॉरी आणि डॅन हे दोन माजी मुखवटेवाले अंधाऱ्या गल्लीतून चाललेत, गुंडांची टोळी आडवी येते, दोघं तिला झोडपून काढतात. गिबन्सने ही मारामारी एका टीव्ही मुलाखतीशी आलटूनपालटून लावलीय. तिथे डॉक्टर मॅनहॅटनवर आरोप होतोय की त्याच्या सहवासाने जवळच्या माणसांना कॅन्सर झाला. एक चौकट गल्ली, एक चौकट स्टुडिओ. मारामारी संपल्यावर दोघं धापा टाकत, एकमेकांची नजर चुकवत उभे आहेत, आणि त्यांना यात मजा आली हे तुम्हाला जरा ओशाळवाणं वाटतं. सिनेमात तीच गल्ली, तीच मुलाखत, तेच आलटूनपालटून. पण हाड कातडी फाडून बाहेर येतं, गळ्यात सुरा घुसतो आणि थिएटरात ‘आईशप्पथ!’ होतं. धापा टाकणं आहे, ओशाळणं नाही. शिवाय डॅन हा पोट सुटलेला, निवृत्त, भिडस्त गृहस्थ आहे. पॅट्रिक विल्सनने त्याचं भिडस्तपण सुंदर केलंय, पण मारामारी आली की हा गृहस्थ सिनेमातल्या कुठल्याही सुपरहिरोसारखा लढतो. गोष्टीत अमानवी शक्ती फक्त एकाला आहे, हेच नव्या प्रेक्षकाला कळत नाही. मग बंदीच्या कायद्याचं आणि या लोकांच्या म्हातारपणाचं दुःख कुठून कळणार?

इथवर ‘हिंसा जास्त आहे’ हीच नेहमीची तक्रार मी वेगळ्या शब्दांत करतोय असं वाटेल. तसं नाही. आता नाक्यावर चला.

पुस्तकात न्यूयॉर्कचा एक नाका आहे. तिथे पेपरवाल्याचा स्टॉल. म्हातारा पेपरवाला येणाऱ्याजाणाऱ्याला युद्धाबद्दल ऐकवत असतो, आणि एक पोरगा विकत न घेता, विजेवरच्या गाड्या चार्ज करायच्या खांबाला टेकून, समुद्री चाच्यांचं कॉमिक फुकट वाचत बसलेला असतो. म्हातारा त्याच्यावर खेकसतो, पण हाकलत नाही. याच नाक्यावर टॅक्सी चालवणारी एक बाई येते, दोन पोलीस हवालदिलपणे फिरतात, कैदी रॉर्शाकला तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लाँग आणि त्याची बायको येतात. अंकामागून अंक ही माणसं कडेकडेने दिसत राहतात, आणि अधीर वाचकाला वाटतं, यांचं काय मध्येच? हिरोंकडे चला की. अकराव्या अंकाच्या शेवटी सगळे एकाच वेळी नाक्यावर आहेत. टॅक्सीवाली आणि तिची मैत्रीण रस्त्यातच हातघाईवर येतात. माल्कमची बायको नवऱ्याला म्हणतेय, हे सगळं सोड, घरी चल. तो म्हणतो, तिथे कुणाला तरी लागतंय, मला जायला हवं. ती चिडून निघून जाते. तो आणि आणखी काही जण भांडण सोडवायला धावतात. पेपरवाल्याला आणि पोराला नुकतंच कळलेलं असतं की दोघांचं नाव एकच, बर्नार्ड. आणि तेवढ्यात पांढरा उजेड. म्हातारा पोराला कवेत घेतो, दोन आकार एकमेकांत मिसळतात, चौकट कोरी होते.

अख्ख्या पुस्तकात कुठल्याही स्वार्थाशिवाय, कुठल्याही पोशाखाशिवाय दुसऱ्यासाठी धावलेली माणसं असतील तर ती हीच. आणि बारावा अंक उघडतो तो सलग सहा पूर्ण पानांच्या चित्रांनी. अकरा अंक राखून ठेवलेलं मोठं चित्र गिबन्स आत्ता बाहेर काढतो: प्रेतांचा खच, खिडक्यांतून लोंबणारी शरीरं, स्टॉलचं जे काय उरलं ते. तुम्ही पान उलटता, पुन्हा तेच, पुन्हा उलटता, पुन्हा तेच, आणि ओळखीचे चेहरे शोधू लागता. काही सापडतात.

थिएटरमधल्या सिनेमात यातलं काय आलं? पेपरवाला आणि पोरगा स्फोटात मिठी मारताना क्षणभर दिसतात. पुस्तक न वाचलेल्याला ते कोण हे कळायचं कारणच नाही. शहराचा नाश म्हणजे निळसर उजेडाचा गोळा, हवेत विरणारी माणसं आणि मग एक मोठा, स्वच्छ खड्डा. प्रेत नाही. रक्ताचा थेंब नाही. गल्लीतल्या एका गुंडाचं कोपर मोडतं तेव्हा हाड दिसतं, तुरुंगात गजांत अडकलेल्या कैद्याचे हात करवतीने कापतात ते दिसतं (पुस्तकात त्याचा गळा चिरतात, हात नव्हे), आणि लाखो माणसं मरतात तेव्हा कॅमेरा सभ्यपणे लांब उभा राहतो. पुस्तकाची उतरंड नेमकी उलटी झाली. अमेरिकेत ‘आर’, ब्रिटनमध्ये १८ असं प्रमाणपत्र ज्या दृश्यांनी मिळवलं, ती चुकीची दृश्यं होती. माझा या सिनेमावरचा खरा राग हाच. तो कमी हिंसक असायला हवा होता असं मला वाटत नाही. शेवटी त्याने डोळे मिटायला नको होते.

हेच पुन्हा रॉर्शाकच्या बाबतीत. सहाव्या अंकात तो लाँगला आपण ‘रॉर्शाक’ कसे झालो ते सांगतो. १९७५, सहा वर्षांची मुलगी पळवलेली. तो अपहरणकर्त्याच्या घरी पोचतो, चुलीत जळलेल्या कपड्याचा तुकडा दिसतो, बाहेर दोन कुत्रे एका हाडावर भांडताहेत. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. पुस्तकात तो माणसाला बेड्यांनी चुलीला बांधतो, हातात करवत देतो, रॉकेल ओततो, काडी लावतो आणि रस्त्यावर उभा राहून जळतं घर तासभर बघतो. कुणी बाहेर येत नाही. आत काय चाललंय ते एकाही चौकटीत दिसत नाही. सिनेमात माणूस गयावया करतो, ‘मला अटक करा’ म्हणतो, आणि रॉर्शाक कोयता त्याच्या डोक्यात घालतो, पुन्हा, पुन्हा. मी पाहिलं त्या थिएटरात इथे शिट्ट्या पडल्या. प्रेक्षकांना दोष देत नाही. दृश्य शिट्टीसाठीच बांधलंय: दुष्ट माणूस, जोरकस वाक्य, घाव.

पण मोठा फरक कोयता आणि रॉकेलमधला नाही. हे सगळं ऐकणारा जो लाँग, तो पुस्तकात त्या अंकाचा नायक आहे. सुरुवातीला तो आशावादी, गुबगुबीत, केस चांगली आहे म्हणून खूश. रोज घरी कैद्याच्या फायली आणतो, बायकोशी बोलणं तुटत जातं, पाहुण्यांसमोर नको ते बोलून बसतो, आणि शेवटी एकटाच पलंगावर बसून रुग्णांना दाखवायच्या शाईच्या डागाकडे बघत राहतो. त्या गोष्टीची किंमत एका भल्या माणसाने मोजलेली तुम्ही बघता, म्हणून तुम्हाला शिट्टी सुचत नाही. सिनेमात लाँग आहे, पण गोष्ट ऐकून घेण्यापुरता. त्याचं घर नाही, बायको नाही. ऐकणाराच काढून टाकल्यावर उरतो तो नुसता पराक्रम. मूरने अनेक मुलाखतींत सांगितलंय की वाचक येऊन ‘मीच रॉर्शाक’ म्हणायला लागले तेव्हा त्याला धक्काच बसला. पुस्तकात एवढी काळजी घेऊनही असं झालं, तर सिनेमात काय होणार! जॅकी अर्ल हेलीने रॉर्शाकचं काम मात्र लाजवाब केलंय, आणि सिनेमा नावडलेलेही हे मान्य करतात.

तुमच्या इमानदार म्हणणाऱ्या मित्राची बाजूही घ्यायला हवी. सुरुवातीची नामावली घ्या. बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीसच्या दशकापासूनचा मुखवटेवाल्यांचा इतिहास, जवळजवळ स्थिर छायाचित्रांसारखा, किंचित हलणारा. तिथे तीच स्लो मोशन आहे, पण डोळ्याला फिरायला जागा आहे. कोपऱ्यात काय चाललंय ते तुम्ही शोधता, म्हणजे पानावर करता तेच करता. सिनेमाचे कडवे विरोधकही या भागाला दाद देतात. दुसरा भाग मंगळावरचा: डॉक्टर मॅनहॅटनला भूत, वर्तमान, भविष्य एकदमच दिसतं, १९५९ चा अपघात आणि आजचा दिवस एकाच श्वासात. फिलिप ग्लासच्या संगीतावर, मॅनहॅटन झालेल्या बिली क्रडपच्या थंड, मऊ आवाजात ते अप्रतिम उतरलंय. एका माणसाच्या मनात काळ विस्कटलेला असेल तर सिनेमा तो कॉमिकइतकाच चांगला दाखवू शकतो, क्वचित जास्तच. समीक्षक रॉजर एबर्टने चारपैकी चार तारे दिले ते उगीच नाही. ‘न्यूयॉर्कर’मधल्या अँथनी लेनने झोडपला तेही उगीच नाही.

भक्तांनी सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो शेवटावरून, आणि मला वाटतं तिथे ताकद फुकट घालवली. पुस्तकात एड्रियन व्हाइट हा माजी मुखवटेवाला न्यूयॉर्कवर एक अवाढव्य, बनावट परग्रहवासी प्राणी आणून टाकतो, लाखो मरतात, आणि घाबरलेले देश भांडण सोडतात. सिनेमात तो प्राणी नाही. अनेक शहरांत स्फोट होतात आणि आळ मॅनहॅटनवर येतो. पटकथेच्या हिशेबाने हा बदल चोख आहे. प्राणी ठेवायचा तर त्यामागचे बेपत्ता कलावंत, ते बेट, सगळं उपकथानक आणावं लागलं असतं. नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं. पुस्तकात व्हाइट शेवटी मॅनहॅटनला विचारतो, मी केलं ते शेवटी बरोबरच ठरलं ना? मॅनहॅटन म्हणतो की शेवट असा काही नसतो, आणि व्हाइटला तसाच टांगून निघून जातो. सिनेमात हे वाक्य नंतर लॉरी डॅनला सांगते, सांत्वनासारखं. व्हाइटला टोचणी लागतच नाही. आणि व्हाइट पुस्तकात हसरा, सोनेरी केसांचा, सगळ्यांचा लाडका; सिनेमात पहिल्या भेटीतच इतका थंड आणि फिकट की खुनी कोण हे नवखा प्रेक्षक मध्यंतराच्या आत ओळखतो.

समीक्षकांपेक्षा सामान्य प्रेक्षकांचं बोलणं मला जास्त खरं वाटतं, आणि ते आकड्यांत दिसतं. ६ मार्च २००९ ला अमेरिकेत सिनेमा लागला, पहिल्या शनिवार-रविवारसकट साडेपाच कोटी डॉलर आले. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ दोन तृतीयांश गळती. अमेरिकेतली एकूण कमाई सुमारे पावणेअकरा कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त पहिल्या तीन दिवसांत. पुस्तकवाले धावत आले, बघून गेले, मागे कुणी नाही. पटकथाकार डेव्हिड हेटरने तर चाहत्यांना खुलं पत्र लिहून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा या अशी विनवणी केली. नवख्यांचं काय चुकलं? ट्रेलर आदल्या उन्हाळ्यात ‘द डार्क नाइट’बरोबर दाखवलेला, जाहिरातीत ‘३००’च्या दिग्दर्शकाचा डंका. ते धडाकेबाज मुखवटापट बघायला आले, आणि समोर १६२ मिनिटांचा, निवृत्त माणसांचा, अणुयुद्धाच्या धास्तीचा सिनेमा. ती धास्ती १९८६ च्या वाचकाला आयती होती. अणुशास्त्रज्ञांचं प्रतीकात्मक घड्याळ १९८४ मध्ये मध्यरात्रीला तीन मिनिटं कमी दाखवत होतं. २००९ च्या प्रेक्षकाला बँका बुडतील का याची चिंता होती. नाक्यावरचा पेपरवाला असता तर त्याने ती धास्ती बसल्या जागी सांगितली असती. त्यालाच काढलं.

खर्चाचंही एक गणित होतं. तेरा कोटी डॉलरच्या आसपास खर्च, आणि ‘आर’ प्रमाणपत्र म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नाही. २०१६ च्या ‘डेडपूल’ या सुपरहिरोपटाने तेच प्रमाणपत्र ५.८ कोटींच्या खर्चात घेतलं आणि जगभरात पैसे खोऱ्याने ओढले. पुढच्या वर्षी ‘लोगन’ आला. त्याने कॉमिकमधून म्हातारा वुल्व्हरिन आणि प्रवास एवढंच उचललं, चौकट एकही नाही. ऑस्करला रूपांतरित पटकथेचं नामांकन मिळवणारा पहिला सुपरहिरोपट तोच. स्टोरीबोर्डवाला म्हणून मला यात आसुरी आनंद होतो हे कबूल करतो. लोगनच्या, म्हणजे त्या वुल्व्हरिनच्या, हातून मरणाऱ्याचं मरण जवळून दिसतं, आणि ते बघणारी एक लहान मुलगीही सतत चौकटीत असते.

मूरचं नाव श्रेयनामावलीत का नाही, हेही तुम्ही विचारलं होतं. त्याने नावही नाकारलं आणि पैसेही. वाटा गिबन्सला द्या म्हणाला. जुनं दुखणं कराराचं: पुस्तकाची छपाई थांबली की हक्क निर्मात्यांकडे परत यायचे होते, आणि छपाई कधी थांबलीच नाही. गिबन्स मात्र सिनेमाच्या बाजूने उभा राहिला. दोघांचं पटेनासं झालं, त्यात कोण बरोबर यावर मी बोलणार नाही.

आता मुलाचं. अमेरिकेतला ‘आर’ आणि आपला ‘ए’ एकसारखा धरू नका. तिकडे आईबाप सोबत असतील तर लहान मूलही आत जाऊ शकतं. आपल्याकडे ‘ए’ला अठराखालच्याला थिएटरात प्रवेशच नाही, सोबत कुणीही असो. घरी स्ट्रीमिंगवर निर्णय तुमचा, म्हणून काय आहे ते नावानिशी सांगतो: बलात्काराचा प्रयत्न, लांबलचक आणि मारहाणीसकट, गरोदर बाईला गोळी, वर सांगितलेलं लहान मुलीचं प्रकरण, एक संभोगदृश्य, जे ‘हालेलुया’ गाण्यावर इतकं हास्यास्पद झालंय की मुलापेक्षा तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. निळ्या मॅनहॅटनच्या नग्नतेवर तेव्हा खूप विनोद झाले. ती मला या यादीत सगळ्यात निरुपद्रवी वाटते. नववीत? मी नाही दाखवणार. बारावीच्या सुमाराला आधी पुस्तक द्या. त्यातही हे सगळं आहे, फक्त नको वाटलं की तिथेच थांबता येतं आणि पान मागे उलटून विचारता येतं. सिनेमा नंतर एकत्र बघा आणि कोयत्याच्या जागी पॉज करून सहावा अंक उघडा.

तुम्ही स्वतः परत बघणार असाल तर आवृत्ती बघून निवडा. थिएटरची १६२ मिनिटांची तुम्ही पाहिलीय. दिग्दर्शकाची १८६ मिनिटांची आहे, तिच्यात जुन्या पिढीतल्या मुखवटेवाल्याचा, म्हाताऱ्या हॉलिस मेसनचा, खून परत आलाय, आणि डॅनला त्यानंतर जे होतं ते या सिनेमातल्या मोजक्या खऱ्या दुःखांपैकी एक आहे. तिसरी २१५ मिनिटांची. तिच्यात पेपरवाला, पोरगा आणि चाच्यांची गोष्ट अॅनिमेशनमध्ये परत आणलीय. नाका बघायचा म्हणून ती लावावीशी वाटेल, पण अॅनिमेशनचे तुकडे मध्येमध्ये घुसून लय मोडतात. पानावर दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत चालायच्या, इथे एक थांबते तेव्हा दुसरी सुरू होते. आधी १८६ वाली बघा. नाक्यासाठी अकरावा अंक वाचा.